जावाच्या गावाला

प्रागला जायचं ठरलं ते यांच्या मोटारसायकलमुळे.

आमचं लग्न १९८४चं. तेव्हा यांच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, सेकंडहँड घेतलेली मरून रंगाची जावा. लग्नानंतर हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो ते तिच्यावरून. मुलं शाळेत गेली ती तिच्या टाकीवर बसून. गाडी अजून आहे. पत्र्याच्या शेडमध्ये जुनी चादर पांघरून उभी असते आणि दर रविवारी सकाळी चहाआधी हे तिला एकदा चालू करतात. टाकीवरच्या नावाचा अर्थ मला कित्येक वर्षं माहीत नव्हता. मला वाटायचं, जावा बेटावरून ठेवलं असेल. मग एकदा हेच म्हणाले, "अगं, तो प्रागचा माणूस. यानेचेक." फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जर्मनीतल्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवायचा परवाना घेतला आणि आपल्या आडनावाची सुरुवात वाँडररच्या सुरुवातीला जोडून हे नाव केलं. तिकडे पहिल्या अक्षराचा उच्चार 'य' करतात, त्यामुळे तिकडची मंडळी गाडीला 'यावा' म्हणतात. आपल्याकडे १९६१पासून ती म्हैसूरला बनायला लागली. पुढे तिचीच येझदी झाली.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीनं विचारलं, कुठे जाणार? तिला वाटलं, आम्ही काशी म्हणू, नाहीतर केरळ. हे म्हणाले, "जावाच्या गावाला."

माझ्या मनात प्राग वेगळ्या कारणानं होतं. माझे वडील राष्ट्र सेवा दलाचे, पक्के समाजवादी. ऑगस्ट १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा मी सात वर्षांची होते. वडील रेडिओला कान लावून बसले होते आणि "आज मला वाढू नको" असं आईला म्हणाले, एवढंच आठवतं. सुरक्षा परिषदेतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला. आपलं सरकार आक्रमणाचा निषेध करत नाही म्हणून अशोक मेहतांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. त्या राजीनाम्याबद्दल वडील शेवटपर्यंत अभिमानानं बोलायचे. पुढे मी स्वतः शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. शीतयुद्धाच्या तासाला चेकोस्लोव्हाकियाच्या वाट्याला माझी दोन वाक्यं यायची. दुब्चेक यांनी सुधारणा सुरू केल्या, रणगाडे आले आणि सुधारणा थांबल्या. मुलं लिहून घ्यायची आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

हे दुसऱ्या टोकाचे. एमआयडीसीत फिटर, लाल बावट्याच्या युनियनमध्ये. १ मेला सकाळी सहाला झेंडा लावायला जाणारे. लग्नानंतर पहिली काही वर्षं माझ्या वडिलांचं आणि यांचं रशियावरून इतकं वाजायचं, की ताटं वाढली की मी आणि आई मुद्दाम पावसापाण्याचा विषय काढायचो. वडील गेले, युनियन विस्कटली, हे निवृत्त झाले. तो वाद मात्र कधी मिटला नव्हता. नुसता बंद पडला होता.

दिवाळीनंतर तिकिटं जरा स्वस्त मिळतात म्हणून नोव्हेंबर धरला. मुलीनं जुन्या शहरातलं हॉटेल न घेता हायेला एक छोटा फ्लॅट घेऊन दिला. हाये म्हणजे मेट्रोच्या लाल मार्गाचं शेवटचं स्टेशन. बाहेर आलो तर समोर सिमेंटच्या इमारतींच्या रांगाच रांगा. तयार भिंती कारखान्यात ओतायच्या, ट्रकनं आणायच्या, क्रेननं एकावर एक बसवायच्या, अशी ही घरं. चेक लोक त्यांना 'पानेलाक' म्हणतात. मला आपल्या म्हाडाच्या कॉलनीची आठवण झाली, फक्त इथे झाडं भरपूर आणि जिने स्वच्छ. यांनी फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली, रेडिएटरला हात लावला, खिडकीची फट तपासली आणि म्हणाले, "कामगाराला उबदार घर दिलं की नाही? सांग तुझ्या वडलांना." वडील जाऊन अठरा वर्षं झालीत, पण मी काही बोलले नाही.

स्टेशनाजवळ अंतराळवीरांचा पोशाख घातलेल्या दोन माणसांचा पुतळा आहे. एक चेक, एक रशियन. व्लादिमीर रेमेक आणि अलेक्सेई गुबारेव. रेमेक मार्च १९७८मध्ये अवकाशात गेले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ सोडून तिसऱ्या देशाचा अवकाशात गेलेला हा पहिला माणूस. सोव्हिएत संघाच्या ज्या इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून ते गेले, त्याच कार्यक्रमातून आमच्या लग्नाच्या वर्षी राकेश शर्मा गेले होते. हे स्टेशनसुद्धा आधी 'कॉस्मोनॉट्स' या नावाचं होतं. १९९०मध्ये नाव बदललं, पुतळा राहू दिला. रोज सकाळी मेट्रोला जाताना हे त्या दोघांकडे एक नजर टाकायचे.

पहिल्या दिवशी ट्राममध्ये आमची गंमत होता होता राहिली. आम्ही चोवीस तासांचं तिकीट काढलं आणि जपून पाकिटात ठेवलं. ते पिवळ्या यंत्रात घालून त्याच्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा असतो, त्याशिवाय ते तिकीट नव्हेच, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. समोर बसलेल्या एका आजींनी माझ्या हातातली दोन्ही तिकिटं अक्षरशः ओढून घेतली, उठल्या, चालत्या ट्राममध्ये खांबाला धरून यंत्रापाशी गेल्या, शिक्के मारून तिकिटं परत माझ्या हातात ठेवली आणि वर बोट नाचवून दम दिला. एक शब्द कळला नाही, पण दम कळला.

प्रेक्षणीय स्थळं आम्ही सगळ्यांसारखीच पाहिली. २२ नंबरच्या ट्रामनं किल्ल्यावर गेलो. तिथलं सेंट व्हीटसचं कॅथेड्रल १३४४मध्ये बांधायला घेतलं आणि १९२९मध्ये पुरं झालं. मधल्या काळात किती पिढ्यांच्या गवंड्यांनी ते अर्धवट पाहून डोळे मिटले असतील. चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ची. त्याच्या चुन्यात अंडी घातली होती असं सांगतात. राजानं गावोगावाहून अंडी मागवली तेव्हा वेल्वारी गावच्या लोकांनी ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, अशी तिथली दंतकथा आहे. ती ऐकून हे पुलाच्या कठड्याला टेकून पोट धरून हसले. खगोलीय घड्याळासमोर मात्र आम्ही तीन वेळा उभे राहिलो. १४१०चं ते यंत्र. तास झाला की सांगाडा घंटा ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकत जातात. लोक मूर्ती पाहतात, हे चाकांचा अंदाज घेत होते.

प्रागचे फुटपाथ बारीक चौकोनी दगडांचे. काळे, पांढरे, तांबूस दगड नक्षीत बसवलेले. दिसायला सुरेख, पण माझ्या गुडघ्यांना त्यांनी पहिल्या दोन दिवसांत रडवलं. त्यामुळे मी खाली बघूनच चालत होते. आणि या शहराला जे बोलायचं आहे, ते पायाशीच बोलतं, हे असं खाली बघूनच मला कळलं. जुन्या चौकात टाउनहॉलच्या भिंतीलगत फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेत. १६२१मध्ये सम्राटाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना तिथे मारलं होतं. गल्ल्यांतून घरांच्या दारापुढे तळहाताएवढे पितळी ठोकळे दगडांत रोवलेत. त्यांच्यावर आधी 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, नाझींनी नेलं ते साल आणि ज्या छावणीत मारलं तिचं नाव. ते वाचायचं तर वाकावंच लागतं.

शनिवारी ज्यूंची संग्रहालयं बंद असतात म्हणून शुक्रवारी पिंकास सिनेगॉगमध्ये गेलो. आत मूर्ती नाही, चित्र नाही. भिंतींवर नुसती नावं. बोहेमिया आणि मोराव्हिया या दोन प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत, आडनाव लाल रंगात. महायुद्धानंतर ती एकदा लिहिली गेली. १९६८मध्ये कम्युनिस्ट राजवटीनं दुरुस्तीसाठी म्हणून इमारत बंद केली आणि भिंतींवरची नावं काढली गेली. १९८९मध्ये ती राजवट गेल्यानंतर कारागिरांनी पुन्हा पहिल्यापासून एकेक नाव लिहायला घेतलं. १९९२ ते १९९६ अशी चार वर्षं त्यात गेली.

वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकर्तीनं तिथे मुलांना चित्रकला शिकवली. कागद मिळेना तर रद्दी, वापरलेले फॉर्म, मिळेल ते. ऑक्टोबर १९४४मध्ये तिला ऑशविट्झला नेलं, त्याआधी तिनं मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. म्हणून ती आज आहेत. काचेपलीकडे फुलपाखरं होती, घर, धुराडं, चुलीपाशी उभी आई. प्रत्येक चित्राखाली मुलाचं नाव आणि त्याचं काय झालं ते. माझ्या बत्तीस वर्षांत मुलांच्या वह्या मी किती वेळा रद्दीत घातल्या असतील. एका चित्रात बाईंच्या टेबलावर फुलदाणी होती. मला तिथून हलवेना. शेवटी यांनी कोपराला धरून जिना उतरवला.

त्याच दिवशी वेन्सेस्लस चौकात गेलो. चौक म्हणतात, पण आहे तो पाऊण किलोमीटर लांबीचा रुंद रस्ता. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय. १९६८च्या ऑगस्टमध्ये रणगाड्यांवरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या खुणा दर्शनी खांबांवर ओळखू येतात. त्या इमारतीपुढच्या फुटपाथला एके ठिकाणी उंचवटा आला आहे, जमिनीखालून काहीतरी वर उसळावं तसा, आणि त्यात काशाचा क्रूस आडवा वितळल्यासारखा पडलेला आहे. यान पालाख या विद्यार्थ्यानं १६ जानेवारी १९६९ला इथे अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. पुढच्या महिन्यात यान झायित्स या दुसऱ्या मुलानंही तेच केलं. पालाख वीस वर्षांचा होता, चार्ल्स विद्यापीठात इतिहास शिकत होता. रणगाड्यांपेक्षाही लोक ज्या वेगानं गप्प बसायला शिकले, ते त्याला सोसलं नाही. त्याच्या थडग्यावर लोक फुलं वाहायचे म्हणून १९७३मध्ये गुप्त पोलिसांनी त्याचे अवशेष तिथून काढून दहन केले आणि राख आईच्या गावी पाठवली. १९९०मध्ये ती राख प्रागला परत आली. माझ्या दोन वाक्यांत हा मुलगा कधीच नव्हता. मी त्या क्रूसाजवळ उकिडवी बसले आणि उठताना यांचा हात मागितला.

शनिवारी उयेझ्दला गेलो, ते यांना न सांगता. म्हणजे त्याच वाटेवर डोंगरावर जायची केबलगाडी आहे, असं सांगून. पेत्रिन टेकडीच्या पायथ्याशी कम्युनिस्ट राजवटीच्या बळींचं स्मारक आहे, शिल्पकार ओल्ब्राम झोउबेक यांचं, २००२मध्ये उभारलेलं. जिना आणि त्याच्यावरून उतरणारे काशाचे पुरुष. पुढचा धड आहे. मागच्याचा हात नाही, त्यामागच्याची छाती उभी फाटली आहे, आणखी मागे तर नुसते पाय उरलेत. जिन्याच्या मधोमध एक धातूची पट्टी आहे, तिच्यावर आकडे. अटक झालेले २,०५,४८६. देश सोडावा लागलेले १,७०,९३८. तुरुंगात मेलेले ४,५००. सरहद्द ओलांडताना गोळी लागून मेलेले ३२७. फाशी दिलेले २४८.

यांनी आकडे दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. मग काशाच्या एका माणसाच्या हाताकडे बघत उभे राहिले. केबलगाडीचं नाव काढलं नाही.

रात्री मी पिठलं केलं. भाजणी आणि डाळीचं पीठ घरून नेलं होतं, कारण बाहेर शाकाहारी माणसाला तळलेलं चीज, बटाट्याचं 'ब्रामबोराक' नाहीतर लसणीचं सूप याच्यापलीकडे फारसं काही मिळत नव्हतं. लसणीचं सूप तेवढं सर्दीला छान. खिडकीतून समोरच्या पानेलाकमधल्या शंभर-सव्वाशे खिडक्या दिसत होत्या, पिवळ्या, एकसारख्या. जेवताना मी यांना पिल्सेनची गोष्ट सांगितली. १९५३च्या मेअखेरीस सरकारनं चलन बदललं आणि लोकांच्या शिलकीची माती झाली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष झापोतोत्स्की रेडिओवर सांगत होते की चलन पक्कं आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. झापोतोत्स्की स्वतः कामगार चळवळीतून वर आलेले. १ जूनला पिल्सेनच्या श्कोदा कारखान्यातले कामगार काम टाकून रस्त्यावर आले. कारखान्याला तेव्हा लेनिनचं नाव होतं. कामगारांच्या सरकारनं त्यांच्यावर सैन्य आणि कामगारांचंच सशस्त्र दल घातलं.

हे बराच वेळ घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "आमचा सत्तावीस दिवसांचा संप झाला तेव्हा मालकानं दाराला टाळं लावलं. आम्ही फाटकासमोर बसलो, घोषणा दिल्या, तुझ्या वडलांनी पिशवीभर तांदूळ पाठवले. मालक समोर होता, म्हणून भांडता आलं. इथं सरकारच मालक. संप करायचा कुणाविरुद्ध?"

तो तांदूळ वडिलांनी पाठवला होता हे मला माहीत नव्हतं. आईनं दिला असं मी चाळीस वर्षं समजत होते.

१७ नोव्हेंबर रविवारी आला, आणि योगायोगानं आम्ही त्या दिवशी तिथे होतो. १९३९मध्ये याच तारखेला नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली, नऊ विद्यार्थी पुढाऱ्यांना मारलं आणि हजारावर मुलं छावणीत धाडली. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८९मध्ये विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन मोर्चा काढला. तो विशेह्रादवरून शहराच्या मध्याकडे वळला आणि नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडून मुलांना झोडपलं. पुढच्या दिवसांत नाट्यगृहं बंद झाली, चौकात लाखो लोक जमू लागले, खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवू लागले, २७ तारखेला सार्वत्रिक संप झाला. २९ डिसेंबरला वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते तुरुंगात होते.

नारोद्नी रस्त्यावर एका इमारतीच्या कमानीखाली त्या रात्रीची खूण आहे. भिंतीवर काशाचे काही हात, वर उचललेले, आणि तारीख. बस्स, एवढंच. आम्ही गेलो तेव्हा घटनेला पस्तीस वर्षं झाली होती. तिथे पोचायलाच पाऊण तास लागला, एवढी माणसं. चारनंतर अंधार पडला होता. कडाक्याची थंडी, पण माणसं लहान मुलांना खांद्यावर घेऊन रांगेत शांत उभी. कमानीखाली जमिनीवर मेणबत्त्यांचा पसाराच पसारा, त्यांच्या उष्णतेनं चेहऱ्याला ऊब लागत होती. आम्हीही कोपऱ्यावरच्या दुकानातून काचेच्या भांड्यातली एक मेणबत्ती घेतली.

रांगेत माझ्यापुढे माझ्याच वयाची एक बाई होती. मोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, इंडिया? मी मान हलवली. मग ती म्हणाली की ती त्या रात्री इथेच होती. कमानीकडे बोट दाखवून तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट दाबून दाखवले, अशी गर्दी. आणि मग आपल्या उजव्या पायाकडे बोट केलं. बूट निघाला होता. शोधायला वाकणं शक्य नव्हतं. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी ती नदी ओलांडून घरी चालत गेली. दुसऱ्या दिवशी आईनं तिला शिव्या दिल्या, कारण बूट नवीन होते आणि चांगले बूट सहजी मिळायचे नाहीत. हे सांगताना तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते. मी खाली तिच्या पायांकडे बघितलं. तपकिरी, लोकर लावलेले, जाड तळाचे बूट होते.

ती मेणबत्ती यांनी ठेवली. वाकायला मलाच जमत नव्हतं. ठेवून झाल्यावर हे उठले आणि सवयीनं त्यांची उजवी मूठ कोपरापर्यंत वर आली. एखादी लढाई जिंकली की युनियनच्या सभेत करायचे तशी. मग त्यांनी मूठ उघडली आणि हात खाली घेतला. परतीच्या वाटेवर मेट्रो नुस्ले दरीवरच्या पुलाच्या पोटातून जाते. वरून मोटारी, आत मेट्रो. हा पूल पेलतो का हे बघायला त्याच्यावर सहासष्ट रणगाडे आणून उभे केले होते, हे मी वाचून दाखवलं. एरवी यांनी त्यावर अर्धा तास प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नुसतं "हं" म्हणाले.

सोमवारी तंत्रसंग्रहालय बंद, म्हणून मंगळवारी गेलो. ते लेत्ना टेकडीवर आहे. आधी नदीकाठानं पायऱ्या चढून टेकडीच्या कडेला गेलो. तिथे दगडी चौथरा आहे, एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा अवाढव्य, आणि त्याच्यावर एक लाल काटा सावकाश इकडून तिकडे डुलत असतो. संगीत शिकवणारे ताल धरायला वापरतात तसा लंबक, १९९१मध्ये बसवलेला. त्या जागी आधी स्टालिनचा पुतळा होता. १ मे १९५५ला उघडलेला, साडेपंधरा मीटर उंच. पुढे स्टालिन आणि मागे दोन रांगांत कामगार, शेतकरी, सैनिक. प्रागच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'मटणाची रांग'. आपल्याकडे कुणी त्याला रॉकेलची रांग म्हटलं असतं. तो घडवणारे शिल्पकार ओताकार श्वेत्स उद्घाटनापूर्वीच आत्महत्या करून गेले. तोवर मॉस्कोतच स्टालिनचं नाव उतरणीला लागलं, आणि १९६२मध्ये सरकारनं तो पुतळा सुरुंग लावून उडवला. सात वर्षं टिकला. आता त्या चौथऱ्यावर पोरं चाकांच्या फळ्यांवरून उड्या मारत होती. खडखड आवाज सगळ्या टेकडीवर घुमत होता.

संग्रहालयाचं मुख्य दालन म्हणजे मोठी शेडच. वर छताला विमानं टांगलेली, खाली वाफेची इंजिनं, मोटारी, आणि दुचाक्या. हे इंजिनांपाशी रेंगाळतील असं मला वाटलं होतं. हे सरळ दुचाक्यांकडे गेले. जावाची पहिली ओळख लांबूनच पटली, त्याच मरून रंगामुळे. त्यांत 'पेराक' होती. जर्मनांच्या ताब्यात असलेल्या कारखान्यात इंजिनिअर आणि कामगारांनी चोरून, साहेबांची नजर चुकवून तयार केलेली गाडी. १९४६मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा जगापुढे आली. हे मी फलकावर वाचलं आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघ. मालक कोण का असेना, काम कुणाचं?"

मग दोरीच्या अलीकडे उभे राहून यांनी डावा पाय उचलला. जावाचा गिअर आणि किक एकच. तोच दांडा आत दाबून मागे फिरवला की किक होते, पुढे ठेवला की गिअर. बाकी कुठल्याच गाडीला असं नव्हतं, हे मी चाळीस वर्षं ऐकत आले आहे. हे हवेत पायानं दांडा आत दाबून मागे फिरवून मला दाखवत होते, तेवढ्यात बाजूला खुर्चीवर बसलेले राखणदार उठून आले. पांढऱ्या मिशा, सत्तरीचे असतील. मला वाटलं, ओरडतात की काय. ते यांच्या शेजारी उभे राहिले, यांच्या पायाकडे बघितलं, आणि त्यांनीही डावा पाय उचलून हवेत तोच दांडा आत दाबला आणि मागे फिरवला.

"यावा," ते म्हणाले.

"जावा," हे म्हणाले.

मग दोघांनी मिळून क्लच, दोन सायलेन्सर, चेन कव्हर सगळं काही हातांनी बोलून काढलं. मुलीनं मोबाइलवर भाषांतराची सोय करून दिली होती, ती मी उघडली. राखणदारांचे वडील तिनेत्सच्या जावा कारखान्यात कामाला होते, एवढं कळलं. यांनी खिशातून फोन काढून शेडमधल्या आपल्या गाडीचा फोटो दाखवला. राखणदारांनी तो दोन बोटांनी मोठा केला, टाकी बघितली, मडगार्ड बघितलं, मग काहीतरी विचारलं. फोनवर उमटलं, 'चालते का?'

तेव्हा यांना एकदम आठवलं की रविवार चुकला. घड्याळात बघितलं, आपल्याकडे संध्याकाळचे साडेचार. शेजारच्या मुलाला फोन लावला. आधी पेट्रोलचा कॉक उघड. हां. कार्बोरेटरचं बटण दाब, थेंब बाहेर येईपर्यंत. आता दांडा आत दाब, मागं फिरव, आणि उभा राहून मार, बसून नको. पहिल्यांदा नुसती फुसफुस ऐकू आली. दुसऱ्यांदाही. "चोक बघ," हे ओरडले. दालनातली दोन शाळकरी मुलं आमच्याकडे वळून बघायला लागली. तिसऱ्या किकला सांगलीच्या आमच्या अंगणातून टकटकटकटक आवाज आला, आणि यांनी फोन राखणदारांच्या कानाला लावला.